देव आधीच तिथे असतो. मदत त्या भानाने व्हावी

दुखणाइताच्या भेटीला किंवा मदत पोहोचवायला निघण्यापूर्वी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बहुधा एक प्रार्थना होते : 'प्रभू, आमच्याबरोबर चल.' प्रार्थना मनापासूनच केलेली असते, पण तिच्यात एक गृहीतक असतं. देव इथे आपल्यात आहे आणि त्या खोलीत, त्या छावणीत, त्या तुरुंगात त्याला आपण घेऊन जाणार आहोत, असं ते गृहीतक. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मात्र वेगळं सांगतं. १३९व्या स्तोत्राचा कर्ता आकाशापासून अधोलोकापर्यंत आणि समुद्राच्या पैलतीरापर्यंत सगळीकडे मनाने जाऊन येतो, आणि देव नाही अशी एकही जागा त्याला सापडत नाही. हे खरं असेल तर आपण पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून देव त्या खाटेशी आहे. उशिरा पोहोचलेले आपण आहोत.

माझं म्हणणं थोडक्यात असं : देवाचं सततचं सान्निध्य हा विषय आपण एकांतातल्या भक्तीकडे सोपवला आणि गरजूंची सेवा हा विषय समितीकडे. दोघांची ताटातूट झाली आणि सेवेची पद्धत बिघडली. मदत घेणाऱ्यांचे फोटो, मदतीआधी उपासनेला बसण्याची सक्ती, हिशेबातली ढिलाई, दोन महिन्यांत ओसरणारा उत्साह, या सगळ्यामागे एकच समजूत आहे. देव आपल्या बाजूला आहे आणि समोरचा माणूस रिकामा आहे, अशी ती समजूत.

बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या १६व्या अध्यायातली हागार पाहा. ती दासी आहे, मिसरी आहे, गरोदर आहे आणि मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळाली आहे. मालक अब्राम आणि मालकीण साराय तिच्याविषयी बोलताना 'माझी दासी', 'तुझी दासी' एवढंच म्हणतात. तिचं नाव एकदाही घेत नाहीत. शूरच्या वाटेवरच्या झऱ्यापाशी परमेश्वराचा दूत तिला गाठतो, नावाने हाक मारतो आणि विचारतो : तू कोठून आलीस आणि कोठे चालली आहेस? देवाला ठाऊक नव्हतं म्हणून हा प्रश्न आला नाही. तिला बोलता यावं म्हणून आला. पुढे तिला परत जायला सांगितलं जातं, तो भाग वाचायला आजही जड जातो. तरी एवढं स्पष्ट आहे की निवडलेल्या माणसांचं घर मागे राहिलं होतं आणि देव रानात होता. मला पाहणारा देव, असं नाव त्याला तीच देते.

२१व्या अध्यायात तिला मुलासकट घराबाहेर काढलं जातं, तेव्हा अब्राहाम (अब्रामचं नंतरचं नाव) तिला भाकर आणि पाण्याची मसक देतो. म्हणजे मदत झालीच नाही असं नाही. पण रानात मसकेतलं पाणी संपतं, आणि ती मुलाला झुडपाखाली टाकून लांब जाऊन बसते, कारण त्याचं मरण तिला पाहवत नाही. मग देव तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. आपली बरीचशी मदत त्या मसकेसारखी असते : दिली तेव्हा खरी, पण उद्याचा विचार न केलेली. मदत ठरवताना पहिला प्रश्न 'काय देऊ' हा नसावा. 'हे किती दिवस पुरेल आणि ते संपल्यावर जवळपास कोणता झरा आहे' हा असावा. तो झरा म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन असेल, दूरचा पण मायेचा भाऊ असेल, अडलेला एखादा दाखला असेल. कित्येकदा धान्याच्या पोत्यापेक्षा एका अर्जावर खर्च झालेली दुपार जास्त टिकते.

मत्तयाच्या २५व्या अध्यायातला न्यायाचा प्रसंग सेवेच्या प्रत्येक सभेत वाचला जातो, पण त्यातल्या दोन गोष्टी सहसा निसटतात. पहिली अशी की न्यायाला बसलेल्या राजाला, म्हणजे ख्रिस्ताला, ओळखलं नाही ते दोन्ही बाजूंनी : उजवीकडच्या, गरजूंना मदत केलेल्यांनी आणि डावीकडच्या, न केलेल्यांनीही. गरजूंसाठी केलेलं ते माझ्यासाठीच केलं, असं तो म्हणतो. 'आम्ही तुला केव्हा पाहिलं?' हा प्रश्न उजवीकडचेही विचारतात. याचा अर्थ भुकेल्यात ख्रिस्त दिसला म्हणून त्यांनी जेवू घातलं असं झालेलं नाही. भुकेला दिसला म्हणून जेवू घातलं. दुसरी गोष्ट तिथल्या सहा कृत्यांविषयी. अन्न, पाणी, परक्याला आसरा, वस्त्र, आजाऱ्याचा समाचार, बंदिवानाची भेट. आजाऱ्याला बरं केलं किंवा बंदिवानाला सोडवलं असं तिथे लिहिलेलं नाही. मागितलंय ते जाणं, आणि ते कोणालाही जमण्यासारखं आहे.

आता फोटोंचा प्रश्न. बाजू मांडणारे म्हणतात की देणगीदाराला पुरावा लागतो. पुरावा लागावाच, तो हक्क आहे. पण चेहरा हा पुरावा होत नाही. किती घरांना काय दिलं, किती रकमेत घेतलं, किती शिल्लक राहिलं, काय चुकलं आणि पुढच्या वेळी काय बदलणार, हे एका पानावर लिहिता येतं आणि दहा फोटोंपेक्षा ते जास्त सांगतं. 'आम्ही त्यांची परवानगी घेतो' हे उत्तरही पुरेसं नाही. रांगेत उभा असलेला माणूस हातात पाकीट पडायच्या क्षणी 'नको' म्हणू शकत नाही. परवानगी घ्यायचीच असेल तर मदत पोहोचून गेल्यावर, वेगळ्या दिवशी आणि वाटपात नसलेल्या माणसाने विचारावं. मुलांचे फोटो तर घेऊच नयेत.

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात (१०–१३) याविषयी एक नियम आहे. शेजाऱ्याला कर्ज दिलं असेल तर गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा. तो स्वतः गहाण बाहेर आणून देईल. तो गरीब असेल आणि गहाण म्हणून त्याने पांघरूण दिलं असेल तर ते सूर्यास्ताला परत कर, म्हणजे त्याला झोपता येईल. घेणेकऱ्याने उंबरठ्याबाहेर थांबायचं! कायद्याने त्याचा हक्क मान्य आहे, पण त्या घराची अब्रू त्या हक्कापेक्षा मोठी धरली आहे. मग घेणं काहीच नसताना, केवळ देणारे म्हणून, आपण कॅमेरा घेऊन आत कसे शिरतो?

अट घालून दिलेल्या मदतीविषयीही तेच. लूकच्या १७व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध होतात आणि एकच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे परका मानला जाणारा. 'बाकीचे नऊ कोठे आहेत?' असं येशू विचारतो, पण त्या नऊ जणांचं आरोग्य काढून घेत नाही. सुरुवातीच्या मंडळीनेही हा धडा घेतला होता. रोमन सम्राट ज्युलियनला जुने धर्मविधी पुन्हा रुजवायचे होते आणि ख्रिस्ती लोकांविषयी त्याला मुळीच प्रेम नव्हतं. त्याने सन ३६२च्या सुमाराला गलतियातल्या आपल्या प्रमुख पुरोहिताला लिहिलं की हे लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, शिवाय आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आपल्या लोकांना आपल्याकडून काही मिळत नाही ही लाजिरवाणी गोष्ट आहे. विरोधकाने दिलेली ही साक्ष. भाकरीआधी नाव आणि श्रद्धा विचारली गेली असती तर त्याला असं लिहायची वेळ आली नसती.

आजाऱ्याच्या खोलीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण चांगल्या मनाने सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया हा संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाचा दूत येतो तो उपदेश घेऊन येत नाही. तो एलीयाला स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाण्याचा चंबू. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट त्याला झेपण्यासारखी नाही. 'तू येथे काय करतोस?' हा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. हा क्रम आपण उलटा करतो. खचलेल्या माणसाला आधी वचन ऐकवतो आणि तो जेवला का, झोपला का, हे निघताना विचारतो.

भेट दहा-पंधरा मिनिटांची असावी. आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवावेत. खाटेवर न बसता खुर्ची ओढून त्याच्या नजरेच्या पातळीवर बसावं. उभ्याने बोललं की आजाऱ्याला मान वर करून बोलावं लागतं. प्रार्थना करू का, हे विचारावं आणि 'आज नको' हे उत्तर सहज स्वीकारावं. हो म्हणाला तर 'देवाकडे काय मागू?' हेही विचारावं. पुष्कळदा उत्तर अनपेक्षित येतं : रात्री झोप लागू दे, मुलीचा फोन येऊ दे. तेवढंच मागावं. तू बरा होशीलच असं वचन देवाच्या नावाने देऊ नये, आणि औषध बंद करण्याचा सल्ला तर कधीच देऊ नये. त्याने माणसं दगावतात. आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मंडळीत फार ढिलाई असते : आजाराचं नाव त्याच्या परवानगीशिवाय प्रार्थनासभेत सांगू नये. 'प्रार्थनाविषय' या नावाखाली किती घरांतलं खासगी दुःख गावभर झालं असेल, याचा विचार करून पाहावा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्याला तर थोडं शिक्षण हवंच. एकाच अंगावर पडून राहिलं की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि जखम होते. माकडहाड, टाचा, खुबे आणि कोपर या जागा रोज पाहाव्यात. कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. वर सरकवताना चादरीवरून ओढू नये, दोघांनी मिळून उचलावं, कारण ओढल्याने आतले थर फाटतात. टाचांखाली उशी न ठेवता पोटऱ्यांखाली ठेवावी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. लाल चट्टा दिसला आणि बोटाने दाबल्यावर फिका पडला नाही तर ती जखमेची सुरुवात आहे. तिथे चोळू नये, त्या बाजूचा भार काढावा आणि परिचारिकेला सांगावं. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही, म्हणून शेजारच्या भागापेक्षा ती जागा गरम किंवा कडक लागते का ते हाताने पाहावं.

भरवणं हेही कौशल्य आहे. पक्षाघात झालेल्याला आडवं ठेवून पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि फुप्फुसाचा संसर्ग होतो. ताठ बसवावं, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, एक घास पूर्ण गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. खोकला आला किंवा आवाज घोगरा, पाणी भरल्यासारखा झाला तर थांबावं. जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवावं. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात श्रद्धेने पाणी घालण्याचा मोह होतो. तो टाळावा, ओठ ओले केले तरी पुरे.

हे परिचारिकेचं काम आहे, भक्तीचं नाही, असं कोणी म्हणेल. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात राबला. देवाच्या सान्निध्याविषयी बोलणाऱ्यांत त्याचं नाव आजही घेतलं जातं, आणि त्याचा आग्रह असा होता की भांड्यांच्या गडबडीतही देव तितकाच जवळ असतो जितका प्रार्थनेच्या वेळी. हे मान्य असेल तर टाचेखालची उशी सरकवणं ही उपासना का नाही?

शोकात असलेल्या घरी काय करावं हे बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांकडून शिकावं, अर्ध्यापर्यंत. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तोवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी देवाची बाजू मांडायला सुरुवात केली, आणि शेवटी देवाचा राग ओढवला तो त्यांच्यावर. आपल्याकडे पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं आणि तिसऱ्या महिन्यात दार वाजत नाही. म्हणून मृत्यूच्या दिवशीच वहीत तारखा लिहून ठेवाव्यात : एक महिना, तीन महिने, सहा महिने, वर्षश्राद्धासारखा जड जाणारा पहिला स्मरणदिन. प्रत्येक तारखेपुढे एका माणसाचं नाव असावं. 'सगळ्यांनी लक्ष ठेवू या' असं ठरलं की कोणीच जात नाही.

तुरुंगाच्या भेटीबद्दल एवढंच : नियम आधी विचारून घ्यावेत, पाळता येईल तेवढंच वचन द्यावं, बाहेरच्या कुटुंबाला विसरू नये आणि सुटकेच्या दिवशी फाटकाशी कोणीतरी हजर असावं.

आता हिशेब. 'देव पाहतो आहे, मग माणसांना कागद कशाला दाखवायचे?' हे वाक्य भाविक वाटतं, पण सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने नेमकं याच्या विरुद्ध केलं. यरुशलेमातल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी त्याने मंडळ्यांकडून वर्गणी जमवली. करिंथ शहरातल्या मंडळीला त्याने सांगितलं की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं, म्हणजे तो आल्यावर घाईने गोळा करावं लागणार नाही. ती रक्कम नेण्यासाठी आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन बंधू पाठवले, त्यांतला एक मंडळ्यांनी निवडलेला. कारणही दिलं : एवढ्या मोठ्या दानाच्या बाबतीत कोणी आमच्यावर दोष ठेवू नये, प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही जे योग्य ते आम्ही पाहतो (२ करिंथ ८:२०–२१). देव सतत पाहतो यावर पौलाइतका विश्वास कोणाचा असेल? तरीही त्याने साक्षीदार नेमले.

व्यवहारात याचा अर्थ असा. दानपेटी एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी उघडावी. पैसे त्या जागेवरून हलण्याआधी मोजून, लिहून, दोघांच्या सह्या व्हाव्यात. मदतनिधीचं खातं इमारतीच्या खात्यापासून वेगळं असावं, आणि एका कारणासाठी आलेली रक्कम दुसरीकडे वळवायची तर आधी देणाऱ्याला विचारावं. गोळा करणारा, वाटणारा आणि वही लिहिणारा एकच माणूस असेल तर तो कितीही सज्जन असला तरी व्यवस्था चुकीची आहे. त्याच्यावर खोटा आळ आला तर त्याच्या बाजूनेही काही पुरावा उरत नाही. मदत घेणाऱ्याचं नाव मुख्य वहीत न लिहिता क्रमांक लिहावा, आणि क्रमांकांची यादी पाळक (मंडळीचा धर्मगुरू) आणि एका सेवकाकडे कुलपात असावी. मुलांबरोबर किंवा परावलंबी प्रौढांबरोबर काम करताना बंद दाराआड एकटा मदतनीस कधीच नसावा. हा नियम पाळकालाही लागू.

प्रेषितांच्या कृत्यांत, सहाव्या अध्यायात, मंडळीतलं पहिलं मोठं भांडण वाटपावरूनच झालेलं दिसतं. ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीत वगळल्या जात होत्या. प्रेषितांनी तक्रारीला कुरकुर म्हणून दडपलं नाही. सात माणसं नेमली गेली आणि सातांचीही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती व्यवस्था दिली गेली असावी, असं म्हणायला जागा आहे. मदतीच्या समितीत मदत घेतलेली किती माणसं आहेत, हे प्रत्येक मंडळीने मोजून पाहावं. बहुतेक ठिकाणी उत्तर शून्य येईल, आणि मग कोणाला काय हवं आहे याचे अंदाज का चुकतात हेही कळेल.

अशा मदतीने माणसं आळशी होतात, हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला वचनाचा आधार दिला जातो : काम करण्याची ज्याची इच्छा नाही त्याने खाऊही नये. पण थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं ते वाक्य इच्छा नसलेल्यांबद्दल आहे. काम न मिळालेल्या, आजारी किंवा म्हाताऱ्या माणसांबद्दल नाही. आणि तीनच वचनं पुढे पौल म्हणतो की बरं करताना खचू नका. 'गरीब सदा तुमच्याजवळ आहेत' हेही असंच अर्धवट सांगितलं जातं. मार्काच्या १४व्या अध्यायात त्याला जोडूनच येशू म्हणतो की पाहिजे तेव्हा तुम्हाला त्यांचं बरं करता येतं. आणि ज्या अनुवाद १५:११चे हे शब्द आहेत तिथे त्यांच्यापुढे आज्ञा आहे की आपला हात सढळ ठेव.

आक्षेपात तथ्य आहे ते मदतीच्या तऱ्हेबद्दल. लेवीय १९मध्ये शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं उचलू नका असं सांगितलं आहे. गरिबाने आणि परक्याने येऊन ती स्वतः वेचायची. रूथच्या पुस्तकातली परकी, विधवा रूथ अशीच दिवसभर वेचते, संध्याकाळी झोडपते आणि सुमारे एक एफा, म्हणजे वीसेक लिटर, सातू घरी नेते. शेताचा मालक बवाज याने कापणाऱ्यांना गुपचूप सांगून ठेवलेलं असतं की पेंढ्यांतली काही ताटं मुद्दाम टाका आणि तिला धमकावू नका. तिच्या कष्टाचा मान राहिला आणि पोटही भरलं. जिथे शक्य आहे तिथे मदत अशी असावी. जिथे शक्य नाही, तिथे या कारणावरून हात आखडता घेऊ नये.

सेवा करणारी माणसं थकतात, याबद्दल मंडळी सहसा बोलत नाही. रात्री दोन वाजता फोन उचलणारे, सुट्टी न घेणारे दोन-तीन जण सगळीकडे असतात, आणि वर्षा-दोन वर्षांत ते कडवट होतात किंवा आजारी पडतात. देव आपल्याबरोबर तिथे जातो आणि आपल्याबरोबर तिथून निघतो असं मनात असेल, तर आजाऱ्याला सोडून घरी जाणं म्हणजे त्याला देवाविना सोडणं वाटतं. देव तिथेच राहतो हे मानलं तर घरी जाऊन झोपता येतं. एका कुटुंबाला निदान तिघांची पाळी असावी, आठवड्यातून एक दिवस प्रत्येकाचा फोन दुसऱ्याकडे असावा, आणि काम सोपवताना तोंडी निरोपाऐवजी चार ओळी लिहून द्याव्यात : काय दिलं, काय नको म्हणाला, पुढची तारीख कोणती. एलीयालाही देवाने शेवटी जोडीदार दिला, अलीशा. आणि तू एकटा उरलेला नाहीस, इस्राएलात सात हजार आहेत, हे सांगितलं.

मग सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताविषयीचा संदेश, सांगायची कधी? प्रेषित पेत्र लिहितो की तुमच्या आशेविषयी जो विचारेल त्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. माणसं विचारतात, आठवड्यामागून आठवडे कोणी न चुकता येत राहिलं की विचारतातच. भरवता भरवता विचारलं तर दोन वाक्यांत खरं उत्तर द्यावं आणि घास पुढे करावा. सविस्तर बोलायला वेगळा दिवस ठरवावा. त्या दिवशी हातात धान्य, औषध, पैसे यांतलं काहीही नसावं, म्हणजे त्याला 'मला हे पटत नाही' असं म्हणता येईल आणि तसं म्हणूनही त्याचं काही बुडणार नाही.